कोहिमा-इंफाळच्या रणभूमीवर शिक्षकांची अभ्यास सहल: नियोजनासाठी मार्गदर्शन हवे आहे

खडूफळा

सर्वांना नमस्कार.

आमच्या तालुक्यातील माध्यमिक शाळांत इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या अठरा जणांचा एक गट आहे. दर वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही स्वखर्चाने एक अभ्यास सहल काढतो. अनुदान कोणाचेच नसल्यामुळे अहवाल लिहिण्याची सक्ती नाही, आणि कदाचित त्यामुळेच या सहलींत थोडाफार अभ्यास होतो. वसईचा किल्ला झाला, पानिपतचा काला अंब झाला. यंदा कोहिमा आणि इंफाळ येथील, दुसऱ्या महायुद्धातल्या १९४४ च्या रणभूमीवर जाण्याचे घाटत आहे.

यामागचे एक कारण वर्गातले आहे. आठवीला आझाद हिंद सेना शिकवताना आम्ही इंफाळ आणि कोहिमा ही नावे घेतो आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळतो. ही दोन गावे एकमेकांपासून किती दूर आहेत, मधला रस्ता कसा आहे, सेना कोणत्या नद्या ओलांडून आली, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर फळ्यावर नीट नकाशा काढता येईल, अशी खात्री आमच्यापैकी एकालाही नाही. दुसरे कारण घरगुती आहे. एका सहकाऱ्याचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले होते. सहा टोकांचे ‘बर्मा स्टार’ पदक घरात आहे, परंतु ते नेमके कोठे लढले हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही.

एका सहल कंपनीकडून कार्यक्रम मागवला, तेव्हा सात दिवसांत अकरा ठिकाणे, त्यांत काझीरंगा आणि कोहिमाच्या युद्ध दफनभूमीसाठी वीस मिनिटे, असा कागद हाती आला. वीस मिनिटांत अठरा शिक्षकांची हजेरीसुद्धा नीट होत नाही.

किती दिवस ठेवावेत, परवान्याचे काय करावे आणि मणिपुरात जाणे आजच्या घडीला शहाणपणाचे आहे का, हे जाणकारांनी सांगावे. त्याहून अवघड प्रश्न असा की, दोन्ही बाजूंना हिंदी सैनिक होते ही गोष्ट मुलांपुढे कशी मांडावी?

पायवाट

खडूफळा सर, तो कार्यक्रम आधी बाजूला ठेवा. आमच्या शिक्षक गटाने तीन वर्षांपूर्वी अशीच चूक केली. पहिल्या दिवशी पाच ठिकाणे ‘केली’ आणि रात्री जेवताना कोणालाच कोणती टेकडी कोणती हे आठवेना. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी सोडून दिली आणि दिवसभर दफनभूमीतच थांबलो. सहल खऱ्या अर्थाने तेव्हा सुरू झाली.

भूगोलाच्या शिक्षकांना पहिला तास द्या, कारण ही लढाई रस्त्याची आहे. दिमापूरला रेल्वे आणि प्रचंड लष्करी कोठार होते. तेथून निघालेला रस्ता कोहिमाच्या डोंगरसोंडेला वळसा घालून दक्षिणेला इंफाळकडे उतरत होता. मुतागुची यांच्या १५ व्या जपानी सैन्याने मार्च १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील चिंदविन नदी ओलांडली आणि त्यातील सातो यांची ३१ वी डिव्हिजन थेट या सोंडेवर आली. कोहिमा पडले तर इंफाळची रसद तुटते आणि दिमापूर उघडे पडते, एवढे समजले की एका लहानशा डोंगरगावासाठी दोन्ही बाजूंनी एवढी माणसे का मेली, हे वेगळे सांगावे लागत नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला तेव्हा आत ब्रिटिश-हिंदी सैन्याचे सुमारे अडीच हजार लोक होते आणि त्यांतले हजारभर लढणारे नव्हते. बाहेर बारा ते पंधरा हजारांची डिव्हिजन होती.

आता दफनभूमीविषयी. ती पायऱ्या-पायऱ्यांची आहे, आपल्याकडच्या डोंगरउतारावरच्या शेतांसारखी, कारण तेथे पूर्वी जिल्हाधिकारी चार्ल्स पॉसी यांचा बंगला आणि त्याची बाग होती. बंगल्याच्या वरच्या अंगाला टेनिस कोर्ट होते. एप्रिलमध्ये त्याच्या एका कडेला वेढ्यातले सैनिक आणि दुसऱ्या कडेला जपानी, अशी स्थिती आली आणि हातबॉम्ब कोर्टावरून इकडून तिकडे फेकले जाऊ लागले. १८ एप्रिलला मदतीची तुकडी पोचली, तरी कोर्ट पूर्णपणे मोकळे व्हायला १३ मे उजाडला. त्या दिवशी एक ली रणगाडा खोदून काढलेल्या वाटेने कोर्टावर उतरवला गेला आणि त्याने अगदी हाताच्या अंतरावरून खंदक फोडले. आज बंगला नाही, पण कोर्टाच्या रेषा पांढऱ्या काँक्रीटने आखून ठेवल्या आहेत.

त्या रेषांपाशी आमच्या गटातील क्रीडाशिक्षक बराच वेळ गप्प उभे होते. मग त्यांनी पावले टाकून लांबी मोजली आणि म्हणाले, “अहो, खोखोच्या दोन खांबांमधले अंतर जवळपास एवढेच असते.” टेनिस कोर्टाची लांबी पावणेचोवीस मीटर आहे आणि खोखोचे खांब साधारण चोवीस मीटरवर असतात. परत आल्यावर त्यांनी शाळेच्या मैदानावर फक्कीने तेवढे कोर्ट आखले, नववीच्या मुलांना दोन्ही टोकांना पालथे झोपवले आणि हलक्या आवाजात बोलायला सांगितले. पलीकडची कुजबुज अलीकडे ऐकू येत होती. त्यानंतर वेढा म्हणजे काय हे मला त्या वर्गात शिकवावे लागले नाही.

येथे १,४२० समाधी आहेत. दगडी बैठकीवर कांस्याचा पत्रा, त्यावर नाव, पलटण, वय आणि कुटुंबाने दिलेली एखादी ओळ, एवढेच असते. प्रत्येक शिक्षकाने एकेक ओळ उतरवून घ्यावी. इंग्रजीच्या शिक्षकांनाही सोबत न्या, त्या ओळींचा मराठी अनुवाद करण्यात आमची एक संध्याकाळ गेली. ‘तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला’ या आशयाचा प्रसिद्ध लेख खालच्या बाजूला, ब्रिटिशांच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या स्मारकशिळेवर आहे. बहुतेक प्रवासी तेथे छायाचित्र काढून परत फिरतात. आपण मात्र अगदी वरपर्यंत चढा, कारण तेथे दहनस्मारक आहे आणि त्यावर ९१७ हिंदू व शीख सैनिकांची नावे आहेत, ज्यांना आपापल्या धर्माप्रमाणे अग्नी देण्यात आला. आमच्या आधी आलेला एक मोठा गट तेथपर्यंत पोचलाच नाही, आणि तो आपल्याच देशातला होता.

एक गंमत म्हणून सांगतो. तेथील चेरीच्या झाडापाशी पाटी आहे की, मूळ झाडावर जपानी नेमबाज बसत असे, ते झाड लढाईत गेले आणि आताचे झाड त्याच्या बुंध्यातून फुटले आहे. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी झाडाचे वय काय असावे यावर इतका वाद घातला, की रखवालदार हसू लागला.

बाकीची ठिकाणे अर्ध्या दिवसात होतात. जेल हिल या लढाईतल्या टेकडीवर आता दाट वस्ती आहे, त्यामुळे ती दफनभूमीतूनच हात करून दाखवावी. जोत्सोमाकडे मात्र जरूर जा. वेढ्यातल्या लोकांना वाचवणाऱ्या हिंदी तोफखान्याच्या तोफा तेथून मारा करत होत्या आणि आपल्याच खंदकांच्या काही पावले पुढे गोळा टाकण्याचे काम किती जोखमीचे होते, हे तेथून सोंडेकडे पाहिल्यावर कळते. किसामा येथील युद्धसंग्रहालय ठीक आहे, पण ते शेवटी ठेवा.

दिमापूरचा पाहुणा

नोकरीनिमित्त काही वर्षे दिमापूरला राहिलो, म्हणून व्यवहाराचे चार शब्द लिहितो.

नागालँडसाठी आपल्यालाही इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांसाठीचा प्रवेश परवाना, लागते आणि आता दिमापूरसाठीही ते आवश्यक आहे. ते ऑनलाइन काढता येते, परंतु अठरा जणांची ओळखपत्रे एकाच नमुन्यात आधी तयार ठेवा, कारण आधार कार्डावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव यांत फरक असेल तर वेळ जातो. मणिपूरचे परमिट वेगळे असते, तेथे ही पद्धत २०२० पासून आहे.

गुवाहाटीहून रेल्वेने दिमापूरला या आणि पुढचे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर गाडीने जा. हा रस्ता पावसाळ्यात दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. पागला पहाड नावाचा एक टप्पा आहे, त्याचे नावच पुरेसे बोलके आहे. दिवाळीच्या सुमारास पाऊस ओसरलेला असतो, तरीही परतीची गाडी आणि रेल्वे यांच्यात एक मोकळा दिवस ठेवा.

रविवारी कोहिमात जवळजवळ सर्व बंद असते. दुकाने, खानावळी, टॅक्सी, काहीच धड मिळत नाही, कारण तो प्रार्थनेचा दिवस असतो. तो दिवस अराडुरा टेकडीवरील कॅथेड्रलसाठी ठेवा, म्हणजे वाया जाणार नाही. या चर्चच्या उभारणीला जपानी लोकांनी, लढाईत गेलेल्या आपल्या माणसांच्या स्मरणार्थ, देणगी दिली आहे. प्रार्थना संपल्यावर शांतपणे आत जावे. आपल्याकडील गट मोठ्याने बोलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मान खाली घातली आहे.

नोव्हेंबरात साडेचारला अंधारू लागते. आपल्या घड्याळाप्रमाणे ‘दुपारचा चहा घेऊन मग टेकडी’ असे ठरवले, तर टेकडी दिसणारच नाही. पहाटे पाचला उजाडते, म्हणून सकाळी सहाला बाहेर पडावे. १ ते १० डिसेंबरला हॉर्नबिल महोत्सव असतो, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. आपली सुटी त्याआधी संपत असल्यामुळे अडचण येऊ नये.

मणिपूरविषयी स्पष्ट लिहितो. मे २०२३ मध्ये मैतेई-कुकी संघर्ष पेटल्यापासून तेथे खोरे आणि डोंगर यांतली येजा पूर्वीसारखी राहिलेली नाही. कोहिमाहून इंफाळ सुमारे १४० किलोमीटर आहे, पण वाटेत कोणाची वस्ती लागते आणि गाडीचा चालक कोणत्या समाजाचा आहे, यावर गाडी कोठवर जाईल हे ठरू शकते. आपण बाहेरचे असल्यामुळे धोका कमी, असे समजून चालकाला अडचणीत टाकू नये. निघण्याच्या आठवड्यात स्थानिकांना दूरध्वनी करून मगच ठरवा. जाणे जमले तर कोहिमाहून रस्त्याने जाण्यापेक्षा गुवाहाटीहून विमानाने इंफाळ गाठणे बरे.

निवृत्त सुभेदार

खडूफळा गुरुजी, नमस्कार. आपल्या सहकाऱ्यांच्या आजोबांविषयी वाचले म्हणून लिहायला बसलो. मी स्वतः मराठा पलटणीत चोवीस वर्षे होतो. बेळगावच्या केंद्रात रंगरूट असताना इटलीतील यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांची व्हिक्टोरिया क्रॉसची कथा आम्हांला तोंडपाठ करवली जात असे. सांगशाकचे नाव मात्र मी फार उशिरा ऐकले.

त्या वेळी पलटणीची ४ थी आणि ६ वी बटालियन २३ व्या हिंदी डिव्हिजनमधून इंफाळच्या आसपास होती. मार्च १९४४ मध्ये त्यांच्या ब्रिगेडची बाकी तुकडी दक्षिणेला, ब्रह्मदेशातील टिड्डिमकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाडली गेली आणि ४ थी बटालियन उख्रुलच्या डोंगरात मागे राहून ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडच्या हाताखाली आली. ब्रिगेडियर होप-थॉमसन यांनी सर्व तुकड्या सांगशाक या तांगखुल नागा गावाच्या टेकडीवर गोळा केल्या. जागा उंच आणि दूरवर दिसणारी होती, पण टेकडीवर पाणी नव्हते, काटेरी तार नव्हती आणि तीन-चार फुटांखाली खडक लागत असल्यामुळे पुरेसे खोल मोर्चे खणता येत नव्हते. ज्याने उभ्या आयुष्यात एकदा तरी मुरमाड जमिनीत मोर्चा खणला आहे, त्याला या एका वाक्यातून सगळे कळेल. विमानांतून टाकलेल्या रसदेचा मोठा भाग शत्रूच्या बाजूला पडत होता. तशाही स्थितीत गुरखे, मराठे आणि इतर जवान २६ मार्चच्या रात्री बाहेर पडण्याचा हुकूम येईपर्यंत टिकून राहिले. जपान्यांची ५८ वी रेजिमेंट येथे अडकली आणि तेवढे दिवस कोहिमाला मिळाले. पायवाट सरांनी ज्या टेनिस कोर्टाचे वर्णन केले, त्याची बाकी येथे आधीच चुकवली गेली होती, असे मी समजतो. तेथले चर्चसुद्धा लढाईच्या मध्यात सापडले होते.

आजोबा सांगशाकला होतेच, असे मात्र धरून चालू नका. अराकानच्या किनाऱ्यावरही मराठ्यांच्या तुकड्या लढल्या आणि ‘बर्मा स्टार’ त्यांनाही मिळाला. आधी घरातली ट्रंक उघडा. डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनचे पुस्तक सापडले तर त्यावर नंबर आणि बटालियन असते. पदकाची मागची बाजू भिंगाखाली पाहा. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि तेथून पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला अर्ज करा. अर्जात ‘आजोबा ब्रह्मदेशात होते’ एवढेच लिहिले तर उत्तर येत नाही, नंबर लिहिला तर येते.

जे परत आले नाहीत, त्यांची नावे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अनेक हिंदी सैनिकांच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हाही असतो. मुलांना हे काम सहलीच्या आधी द्या, परंतु एक सांभाळा. नाव सापडले तरी ते कोहिमात असेलच असे नाही. ज्यांचा देह मिळाला नाही, अशा सुमारे २७ हजार जणांची नावे रंगूनजवळ ताउक्यान येथील स्मारकावर आहेत. एखाद्या मुलाने आपल्या गावचा माणूस शोधून ठेवला आणि गुरुजी कोहिमाहून त्याच्या नावाचे छायाचित्र न घेता परतले, तर तो हिरमुसेल.

उलट बाजू

सर्वांचा आदर राखून एक आक्षेप नोंदवतो. साम्राज्याने आपल्या साम्राज्यासाठी लढवलेल्या लढाईच्या दफनभूमीत शिक्षकांनी दोन दिवस घालवावेत, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी जेथे कर्नल शौकत अली मलिक यांनी आझाद हिंद सेनेचा तिरंगा फडकवला, ते मणिपुरातील मोइरांग मात्र ‘जमले तर’ या सदरात जावे, हे मला पटत नाही. मुलांना प्रेरणा कोणत्या जागेतून मिळेल, याचा विचार व्हावा.

पायवाट

आपला आक्षेप रास्त आहे. मोइरांग ‘जमले तर’ मध्ये गेले आहे ते रस्त्यामुळे, महत्त्वामुळे नव्हे. आमचा गट २०२३ च्या आधी गेला होता, म्हणून मोइरांगचे संग्रहालय पाहता आले. जवळच लोकटाक सरोवर आहे, आणि नकाशावर वाटते त्यापेक्षा ती जागा इंफाळच्या किती जवळ आहे हे पाहून आम्ही चकित झालो होतो. पुढे मणिपूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले कोइरेंग सिंह हे तेव्हा आझाद हिंद सेनेला साहाय्य करणाऱ्या मोइरांगकरांपैकी एक होते.

परंतु दोन जागांपैकी एक निवडावी, हे मला मान्य नाही. मणिपुरातील पालेलच्या विमानतळावर आझाद हिंद सेनेच्या गांधी ब्रिगेडचे जवान चालून गेले, तेव्हा समोरच्या मोर्चांतही हिंदी जवानच होते. दोघांची गावे कदाचित एकाच जिल्ह्यातली असतील. आझाद हिंद सेनेतले कित्येक जण मलाया आणि सिंगापूरच्या पाडावानंतर युद्धकैदी झालेले ब्रिटिश हिंदी सेनेचेच शिपाई होते. एकाला देशभक्त आणि दुसऱ्याला भाडोत्री म्हटले की धडा पाच मिनिटांत संपतो, पण मग सांगशाकला तहानेने सुकलेल्या मराठा शिपायाच्या नातवाला वर्गात कोठे बसवायचे? मी मुलांना दोन काल्पनिक पत्रे लिहायला सांगतो, एक मोइरांगहून आणि एक सांगशाकहून, दोन्ही एकाच गावच्या आईला. गुण देताना मीच अडखळतो.

शिवाय तिसरी बाजू आपण दोघेही विसरलो. ज्यांच्या शेतात आणि घरांत हे घडले, त्या नागा आणि मणिपुरी लोकांना कोणी विचारले नव्हते. नागा लोक वाटाडे झाले, जखमींना पाठीवर वाहून नेले, आणि त्यांचीच गावे जळाली. मणिपुरात वयोवृद्ध माणसे या काळाला ‘जपान लान’, म्हणजे जपानची लढाई, म्हणत. ती कोणाची विजयगाथा म्हणून सांगितली जात नाही, घर सोडून पळालो तो काळ म्हणून सांगितली जाते. जपानी सैनिकांचेही हाल मुलांपासून लपवू नयेत. रसद न आल्यामुळे सातो यांनी वरिष्ठांना न जुमानता माघार घेतली आणि परतीच्या वाटेवर उपासमारीने व रोगराईने माणसे पडत गेली. या मोहिमेतील जपानी मृतांची संख्या तीस हजारांच्या आसपास सांगितली जाते आणि त्यांतले बहुतेक गोळीने मेले नाहीत.

खडूफळा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी गटाची बैठक झाली आणि हा सारा मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला. ठरले ते असे: काझीरंगा रद्द, गुवाहाटी-दिमापूर रेल्वेने, कोहिमात तीन रात्री, त्यांत रविवार येईल अशा बेताने, मणिपुरासाठी दोन दिवस राखून ठेवायचे आणि निर्णय निघण्याच्या आठवड्यात घ्यायचा. मणिपूर जमले नाही तर ते दोन दिवसही कोहिमा आणि जोत्सोमा यांनाच द्यायचे. भूगोलाचे दोघे शिक्षक दिमापूर-इंफाळ रस्त्याचा उठावाचा नकाशा मातीत करून आणणार आहेत, तो गाडीत कसा न्यायचा यावर अर्धी बैठक खर्च झाली.

सुभेदार साहेब, आजोबांची ट्रंक उघडली. डिस्चार्जचा कागद मिळाला, वाळवीने एक कोपरा खाल्ला आहे. नंबर शाबूत आहे, बटालियनचा आकडा मात्र नेमका त्या कोपऱ्यात होता. अर्ज उद्या टपालाने जाईल.